रताळ्याला लागलेला मासा

पापाकुरा, ऑकलंड
रविवार, नारळी पौर्णिमा, २०१४

तीर्थस्वरूप अक्का हिच्या पायांशी धाकट्या चारूचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी पाचच अंगांनी घालतो आहे. उरलेली तीन कालपासून गरम पाण्याच्या पिशवीखाली आहेत, तीही वाकली असं समजून घे.)

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. कौमुदीची हॉस्पिटलातली नोकरी आणि जावईबापू नितीशरावांची ऑफिसातली, दोन्ही व्यवस्थित चालू. थंडी म्हणशील तर सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. तुझी प्रकृती कशी आहे, असं मी विचारणार नाही. कारण फोनवर ऑपरेशनातला 'ऑ' जरी काढला, तरी तुला माझा आवाज यायचा बंद होतो आणि फोन सूनबाईच्या हातात जातो. (सुरेखाला मात्र आवाज लख्ख येतो. अलिबागेतल्या एकाच घरात दोन तऱ्हेची लाइन कशी, हे टेलिफोन खात्यालाच ठाऊक.) पत्राचं तसं नाही. पत्राचा आवाज येत नाही असं म्हणायची सोय नसते, म्हणून हा खटाटोप. कौमुदी या पानांचे फोटो काढून हरीशच्या मोबाइलवर धाडणार आहे आणि हरीश ते मोठ्या अक्षरांत छापून तुझ्या हातात देणार आहे. आपल्या मुलावर चिडू नकोस. तो फक्त पोस्टमन आहे.

त्यानंच मला सगळं सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांनी तुझ्या हृदयाची झडप बदलायला गोकुळाष्टमीनंतरच्या बुधवारची तारीख दिली, आणि तू "श्रावण आहे" एवढंच बोलून पर्स उचलून बाहेर आलीस म्हणे! श्रावणानंतर गणपती, तेव्हा मोदक कोण वळणार. मग पितृपक्ष, त्यात शुभकार्य करत नाहीत. (ऑपरेशन हे शुभकार्य आहे एवढं तरी तू मान्य केलंस.) मग नवरात्र, मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न, जणू तू नसलीस तर तुळस बिनलग्नाची राहील. अक्का, तुझ्या कालनिर्णयात मोकळा चौकोनच नाही. आणि हरीश म्हणतो, हल्ली जिन्याच्या वळणावर तू "जरा कुंडी बघते" म्हणून थांबतेस. त्या वळणावर कुंडी नाही, अक्का. कधीच नव्हती.

असो. हा विषय इथेच बंद करतो. कालच्या दिवसाची हकीगत सांगायला पत्र लिहितोय, तीच सांगतो. पण ती कळायची तर एक गोष्ट आधी सांगायला हवी, आणि ती ऐकून तू तणतणशील. तुझ्या झडपेचं कळलं त्याच दिवशी मी मनाशी बोललो होतो, की अक्का ऑपरेशन करून ठणठणीत घरी परत येईपर्यंत मासा तोंडात घालणार नाही, आणि माझ्या हातून कुठला जीवही जाऊ देणार नाही. कुणाला बोललो नाही. कौमुदीला वाटतं बाबांना पित्त झालंय. सांगितलं असतं तर तिनं हरीशला, हरीशनं तुला, आणि तू मला फोन करून "माझ्या नावानं उपास करणारा तू कोण टिकोजीराव" म्हणून झापलं असतंस. (त्या वेळी मात्र आवाज स्वच्छ आला असता.) तेव्हा ज्या माणसाला तळलेल्या बांगड्याच्या वासानं झोपेतून जाग येते, तो माणूस आषाढापासून दुधीभोपळ्यावर आहे, एवढं ध्यानात ठेव आणि पुढे वाच.

नितीशरावांची कंपनी पाण्याच्या पाइपलाइनींची कामं करते. इथल्या लोकांना थंडीत घरात बसवत नाही, म्हणून दर हिवाळ्यात अशा सगळ्या कंपन्यांची मिळून मासे पकडायची स्पर्धा होते. एका होडीत चौघांची एक टीम. दिवसभरात जे मासे मिळतील त्यांचं एकूण वजन धरतात. पण त्यात एक मेख आहे. पेटीत प्रत्येकाच्या हातचा एक तरी मासा हवा. एकाचा जरी नसला तरी बाकी तिघांचं वजन शून्य. (हा नियम ज्यानं काढला त्याला एकत्र कुटुंबाचा अनुभव असणार.) नितीशरावांचे साहेब ट्रेव्हर यांची स्वतःची होडी आहे, पण त्यांच्या टीमला आजवर साधा पेलादेखील मिळालेला नाही. यंदा तिसरा गडी नोकरी सोडून गेला, चौथ्याची कंबर ऐन वेळी लचकली, आणि चहाच्या सुट्टीत आमचे जावईबापू बोलून बसले, की माझे सासरे जन्मभर मासेमारीच्या धंद्यात होते.

आता तुला ठाऊक आहे, मी बर्फाच्या कारखान्यात होतो. आयुष्यात लाखो मासे बघितले, पण एकही जिवंत नाही. मला ते कुशीवर झोपून, डोळे उघडे टाकून, बर्फात असलेलेच माहीत. त्यातला ताजा कुठला, शिळा कुठला, हे मी कल्ला न उघडता सांगेन. पण पाण्यातला मासा म्हणजे सगळेच ताजे, तिथे माझ्या विद्येचा काय उपयोग? शिवाय समुद्राकाठी जन्मून मला पोहता येत नाही हेही तू जाणतेस. हे सगळं मी नितीशरावांना सांगणार होतो. पण ते घरी आले तेच मुळी उड्या मारत. अक्का, हा मुलगा पुण्याचा, घराण्यात कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. ऑफिसात सगळे जेवणाच्या वेळी माशांबद्दल बोलत असतात आणि हा आपल्या डब्यातल्या मटकीच्या उसळीकडे बघत बसलेला असतो. इतक्या महिन्यांत त्याला पहिल्यांदाच कुणी "चल आमच्याबरोबर" म्हटलं होतं. मी एवढंच म्हणून बघितलं, "अहो नितीशराव, शनिवारी म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. समुद्राला अजून नारळ दिलेला नाही. आपल्याकडे कोळीसुद्धा होडी काढत नाहीत."

"बाबा, पण इथे पावसाळा नाहीच आहे ना," ते म्हणाले. "इथे विंटर आहे."

"महिना श्रावणच आहे ना?"

"आपला श्रावण. त्यांचा ऑगस्ट."

मी माकडटोपी शोधायला गेलो.

काल उजाडता उजाडता मानुकाऊच्या आखातावर पोचलो. पाणी अगदी आपल्या खाडीसारखं गढूळ, त्यामुळे क्षणभर बरं वाटलं, पण वारा असा की तो दक्षिण ध्रुवावरून निघून मध्ये कुठेही न थांबता थेट माझ्या कानात येत होता. कौमुदीनं मला आतून दोन गंजिफ्रॉक, त्यावर लोकरीचं, त्यावर जाडं, त्यावर रेनकोट असं चढवलं होतं, आणि सगळ्याच्या वर ट्रेव्हर साहेबांनी तरंगायचं जॅकेट आवळलं. मी चालत नव्हतो, मला हलवत होते. साहेब स्वतः मात्र अर्ध्या चड्डीत आणि पायांत जॅन्डल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता. त्यांच्या गुडघ्यांकडे बघूनच मला हुडहुडी भरली. आमच्या टीममधली चौथी, हिने नावाची. या माओरी बाई त्यांच्या हिशेबखात्यात आहेत, कौमुदीपेक्षा वयानं मोठ्या, आवाज खणखणीत. "किया ओरा, अंकल! तुम्ही आलात, आता आम्ही जिंकलोच!" असं म्हणून त्यांनी मला पाठीवर असा धपाटा घातला की जॅकेट होतं म्हणून बरं. मी आपला हसलो. (एक सांगायचं राहिलं, सकाळपासून मी चहाचा घोट घेतला नव्हता. होडी लहान, सोबत बाईमाणूस, अंगावर सहा थर. विधीला एक बादली आहे असं साहेबांनी कळवळून सांगितलं होतं, पण मी मनाशी ठरवलं होतं की प्राण गेला तरी बादली नाही.)

भोंगा झाला, होड्या सुटल्या. साहेबांनी नांगर टाकला आणि आमिषाची पेटी उघडली. अक्का, काय सांगू! आत तारल्या होत्या! चकचकीत, टणक, डोळे काचेसारखे. आपल्या बाजारात अशा तारल्यांसाठी तू कोळणीशी तासभर भांडली असतीस. आणि हे लोक त्यांचे तुकडे करून गळाला लावतात, त्याहून बेचव मासे पकडायला! महिनाभर दुधी खाल्लेल्या माणसाच्या नाकाखाली ती पेटी. मी तोंड फिरवून हनुमान चालिसा म्हणायला लागलो. साहेबांना वाटलं, मी वाऱ्याचा अंदाज घेतोय. "बघ, बघ," ते नितीशरावांना म्हणाले, "जुना खलाशी आहे."

पहिला मासा हिने बाईंना लागला. चांगला हातभर कहावाई, रुपेरी. मला वाटलं, चला, खातं उघडलं. तर बाईंनी तो दोन्ही हातांत धरला, त्यांच्या भाषेत हळू आवाजात काहीतरी म्हटलं, आणि सरळ पाण्यात सोडून दिला. मी चकित! साहेबांनी नुसतं डोकं हलवलं, म्हणजे हे दरवर्षीचंच असावं. मग बाईंनी सांगितलं, की पहिला मासा आपला नाही, तो समुद्राच्या देवाचा, तांगारोआचा. तो परत द्यायचा, मग मागायचं. अक्का, माझ्या डोळ्यांसमोर एकदम आपला धक्का आला, सोनेरी कागद लावलेला नारळ, बायकांची गाणी. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना म्हटलं, की उद्या आमच्याकडेही समुद्राला नारळ देतात, आणि तो दिल्याशिवाय होडी काढत नाहीत. बाईंना ते तत्काळ पटलं. "नारळ!" त्या म्हणाल्या. "तुमचा देव शहाणा. काटे नाहीत." आणि मग गळाला आमिष लावत, "पण अंकल, उद्या देतात ना? मग आज आपण इथे काय करतोय?" हेच मी जावयांना विचारत होतो.

मला तेवढ्यानं धीर आला असं मात्र समजू नकोस. माझी पंचाईत वेगळीच होती. माझ्या गळाला मासा लागला तर तुझ्यासाठी धरलेलं मोडतं. नाही लागला तर टीमचं शून्य होतं, आणि नितीशराव पुन्हा उसळीकडे बघत बसतात. मी देवाला म्हणत होतो, बाबा रे, या तिघांना भरपूर दे, मला देऊ नकोस. पण तू मला दिलं नाहीस तर त्यांना दिलेलं फुकट जातंय, तेव्हा द्यायचंच तर, म्हणजे तसं नव्हे, पण... अर्ज इतका गुंतागुंतीचा झाला की देवानं तो बाजूला ठेवून पुढचा घेतला असणार. शेवटी मी हळूच गळावरची तारली काढून पाण्यात टाकली आणि मोकळाच गळ सोडून बसलो. थोड्या वेळानं साहेबांनी माझी दोरी वर घेऊन बघितली. "अरे अंकल, आमिष चोरलं की तुमचं!" म्हणून त्यांनी नवा तुकडा लावून दिला. पुन्हा मी काढला, पुन्हा त्यांनी लावला. असं दोन-तीनदा झालं आणि साहेब म्हणाले, "इथे तुमच्या खाली एखादा मोठा चोर बसलाय, हीप्स मोठा!" (हीप्स म्हणजे भरपूर.) आणि त्यांनी होडीतल्या सगळ्यांना सरसावून बसायला सांगितलं. आली का पंचाईत!

तेव्हा मला माझ्या डब्याची आठवण झाली. श्रावणी शनिवारचा उपास, म्हणून कौमुदीनं उकडलेली रताळी दिली होती. इथली रताळी केशरी असतात, त्यांना कुमरा म्हणतात आणि त्यांचं इथे फार कौतुक. मी विचार केला, मोकळा गळ दिसून येतो, रताळं लावलं तर लांबून दिसायला आमिष ते आमिष आणि खाणारा कुणी नाही. मांस खाणारा जीव रताळ्याकडे ढुंकून कशाला बघेल? मी पाठ करून एक फोड गळाला दोऱ्यानं पक्की बांधली आणि पाण्यात सोडली. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! समुद्रात मी, हातात काठी, टीमबरोबर, आणि पापाचा लवलेश नाही. मी चक्क आल्याची वडीसुद्धा खाल्ली.

इतक्यात साहेबांना दोन मासे मिळाले. हिने बाईंना आणखी एक, तो पेटीत गेला. नितीशरावांची तऱ्हा काय सांगू! होडी डुलायला लागल्यापासून त्यांचा रंग कोथिंबिरीसारखा झाला होता, एका हातानं कठडा धरलेला आणि दुसऱ्या हातात काठी. तेवढ्यात त्यांची काठी वाकली. साहेब ओरडतायत, "ओढ! ओढ!", आणि हे डोळे मिटून ओढतायत, आणि मासा वर आला तसे त्याला मराठीत म्हणतायत, "सॉरी हं. सॉरी, सॉरी." साहेबांनी त्यांना उचलूनच घेतलं. "आमचा नितीश!" म्हणून त्यांची टोपी वाऱ्यावर उडवली. (ती परत आली नाही. टोपी आमची होती.) अक्का, त्या हिरव्या तोंडावर जे हसू आलं ना, ते मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. आणि मग तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

म्हणजे आता फक्त मीच राहिलो होतो. ओहोटी लागली होती, भोंगा व्हायला फार वेळ नव्हता, आणि बाकीच्या होड्यांवरचे लोक आवराआवर करत होते. "नो प्रेशर, अंकल," हिने बाई म्हणाल्या, आणि असं कुणी म्हटलं की छाती दुप्पट धडधडते हे तुला सांगायला नको. नितीशराव माझ्या काठीच्या टोकाकडे बघत राहिले. मी मनात म्हणत होतो, रताळं काढावं आणि तारली लावावी. मग म्हणायचो, अक्का. मग जावयांचं तोंड दिसायचं. मग पुन्हा अक्का. आणि ह्या घोळात काठीला हिसका बसला.

मला आधी वाटलं वारा. मग वाटलं दोरी कुठे अडकली. मग हिने बाई किंचाळल्या. अक्का, रताळ्याला मासा लागला होता! उपासाचं खाणारा मासा मी बापजन्मी ऐकला नव्हता. मी चाक फिरवत होतो की चाक मला फिरवत होतं कोण जाणे, पण वर आला तो एक तांबडाभडक जीव. डोकं लोखंडी पेटीसारखं चौकोनी, दोन बाजूंना मोरपंखी पंख उघडलेले, आणि खाली चालायला असावेत तसे बारीक बारीक पाय. गर्नर्ड म्हणतात त्याला. आणि तो बोलत होता! खोटं सांगत नाही. हे मासे पाण्याबाहेर आले की घुरघुरतात. तो माझ्या दोन्ही हातांत कण्हत होता, थांबून थांबून, दम लागल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा जिवंत मासा हातात घेतला आणि तो निघाला असा. माझे हात इतके थरथरत होते की साहेबांनी खालून आधार दिला.

त्याच्या तोंडातून रताळ्याची फोड खाली पडली. साहेबांनी ती उचलली, हुंगली. "अंकल, हा कुमरा आहे?"

मी मान डोलावली. खोटं बोलायची ताकद नव्हती.

मला वाटलं, आता चोरी पकडली. पण साहेबांचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला. "हा माणूस कुमऱ्यानं मासे पकडतो," ते हळूच नितीशरावांना म्हणाले.

मग हिने बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "अंकल, हा तुमच्या आयुष्यातला पहिला मासा ना? मला तुमच्या हातांवरून कळलं. मग हा तुमच्या हातचा देवाचा मासा. सोडायचा असेल तर सोडा. कुणी काही म्हणणार नाही." साहेबांनी एकदा पेटीकडे बघितलं, पण "सोडा म्हटलं तर सोडा," असं तेही म्हणाले. नितीशरावसुद्धा, त्या बिचाऱ्यानं तर "बाबा, खरंच, चालेल," असं म्हटलं, आणि तो खोटं बोलतोय हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

अक्का, आयती सबब ताटात वाढून, वर तूप सोडून माझ्यासमोर आली होती. देवाचं नाव होतं, श्रावण होता, उद्या नारळी पौर्णिमा, चारचौघांची संमती. सोडून दिला असता तर माझं धरलेलं अभंग राहिलं असतं आणि वर चार लोक मला सात्त्विक म्हणाले असते. मी त्याला पाण्यावर धरलादेखील. आणि तो पुन्हा कण्हला, थांबून थांबून. आणि मला जिन्याच्या वळणावर तू दिसलीस, नसलेली कुंडी बघणारी. एकदम माझ्या ध्यानात आलं, की मी श्रावणासाठी सोडत नाहीये. मला भीती वाटतेय म्हणून सोडतोय, आणि श्रावणाला पुढे करतोय. त्या बिचाऱ्या महिन्याच्या खांद्यावर आपण दोघं भावंडं किती ओझं टाकणार? मी म्हटलं, "कीप." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. साहेब म्हणाले, "काय?" मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, "कीप! ठेवा पेटीत!"

होडीत असा आरडाओरडा झाला की शेजारच्या होडीतल्यांनी हात हलवला. नितीशरावांनी मला मिठी मारली. तरंगायचं जॅकेट त्यांनाही होतं, मलाही, त्यामुळे आम्ही एकमेकांवर आपटून परत मागे गेलो, पण भावना पोचली.

मग साहेबांनी मोजपट्टी काढली. इथे सरकारचा नियम आहे, ठरलेल्या लांबीहून लहान मासा ठेवायचा नाही, नाहीतर दंड. साहेबांनी मासा पट्टीवर ठेवला. मग परत ठेवला. मग त्याचं नाक टोकाला टेकवून शेपटी हलकेच सरळ केली. मग हिने बाईंनी मोजला. नितीशरावांनी चष्मा पुसून मोजला. नखाएवढा कमी होता, अक्का! माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मी जिवाच्या करारानं धरलेलं मोडायला निघालो आणि न्यूझीलंड सरकारनं मला मोडू दिलं नाही. साहेबांनी मासा माझ्याच हातात दिला. मी वाकून सोडला. तो मोरपंख एकदा उघडून खाली गेला, वळूनसुद्धा न बघता.

पुढचं थोडक्यात सांगतो. भोंगा व्हायला थोडा वेळ होता. साहेबांनी हुकूम सोडला, सगळे कुमरा लावा! माझा डबा होडीभर फिरला. सगळी रताळी समुद्रात गेली आणि एकाही माशानं तोंड लावलं नाही. (सबंध आखातात उपास करणारा तो एकटाच असावा.) मी परतीच्या वाटेवर उपाशी. वजनाच्या फळ्यावर आमच्या नावापुढे शून्य लागलं, मागच्या वर्षीपेक्षाही कमी. मी साहेबांची माफी मागायला गेलो, तर ते बाकीच्या टीमांच्या कोंडाळ्यात उभे राहून रताळ्याची गोष्ट सांगत होते, हातवारे करून, आणि प्रत्येक खेपेला मासा वाढत होता. "स्वीट ॲज, अंकल!", म्हणजे एकदम झकास, म्हणून त्यांनी मला मध्ये ओढलं. नितीशराव त्यांच्या शेजारी उभे राहून आवाज काढून दाखवत होते, घुर्र, घुर्र. लोक पोट धरून हसत होते. तेव्हा त्यांच्या उसळीची काळजी मिटली असं मी धरून चालतो.

आता प्रश्न उरला माझा. मासा मेला नाही, म्हणजे धरलेलं मोडलं नाही. पण मी 'ठेवा' म्हटलं होतं, मनापासून, म्हणजे मोडलं. हे ठरवायला इथे भटजी कोणी ओळखीचे नाहीत. कौमुदीला विचारावं तर ती म्हणेल, "बाबा, आधी मला सांगा, पित्ताच्या गोळ्या का खात होतात?" तेव्हा तूच निवाडा कर. लहानपणी आपल्या भांडणांचा करायचीस तसा, म्हणजे मला न विचारता.

हरीशला, सुरेखाला आशीर्वाद. औषधं वेळेवर घे. उशा दोन घेऊन झोप.

तुझा,
चारू

ता. क. पाठीला त्या मिठीचा मुका मार आहे, आणि शेवटी बादली वापरावी लागली. हिने बाईंनी तोंड फिरवून मोठ्यानं गाणं म्हटलं. फार थोर बाई. हे कुणाला वाचून दाखवू नकोस.

ता. क. तुझी राखी परवाच पोचली, आज कौमुदीनं तुझ्या वतीनं बांधली. दरवर्षी ओवाळणी मी घालतो. यंदा तू घाल. मला बुधवार हवा आहे, गोकुळाष्टमीनंतरचा, डॉक्टरांनी दिलेला तोच. श्रावणाचं काय असेल ते माझ्या नावावर लाव, माझं धरलेलं तसंही काल अर्धं मोडलंच आहे. मोदक सुरेखा वळेल. फुटतील. तू पलंगावर बसून नावं ठेव. आणि अक्का, भीती वाटते असं म्हण ना एकदा. मलाही वाटते. ती वाटली तरी जाता येतं, एवढंच मला त्या होडीत कळलं. फोन कर आणि नुसतं 'हो' म्हण. त्यापुढे एक शब्द मी बोलणार नाही, पाहिजे तर लगेच सुरेखाकडे दे.

ता. क. पत्र बंद करतो आहे तोच ट्रेव्हर साहेब येऊन गेले. त्यांच्या पेटीतला एक मोठा स्नॅपर मासा त्यांनी साफ करून, कागदात गुंडाळून 'कुमरा अंकल'साठी आणून दिला. कौमुदीनं तो फ्रीजरमध्ये टाकला आहे. तू घरी येईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही, पण त्या दारावरून मी दिवसातून कितीदा जातो याची तुला कल्पना नाही. कौमुदी म्हणते, घाई नाही बाबा, तो दिवाळीपर्यंत सहज टिकेल. मी तिला म्हटलं, हे अक्काच्या कानावर घालू नकोस.